डबीवर 'चिलेटेड' लिहिलंय, पण आत लोह किती?

आमची दोन दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. एकात माझं मेडिकल, दुसऱ्यात धाकट्या दिराचं कृषी केंद्र. चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावात यात नवल काही नाही. गंमत एवढीच की 'चिलेटेड', म्हणजे दुसऱ्या रेणूला बांधून दिलेला धातू, हा शब्द आमच्या गिऱ्हाइकांना पाठ झाला तो भाऊजींच्या दुकानात, माझ्याकडे नंतर आला. केळीचं नवं पान पिवळट निघालं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की इकडचा शेतकरी कुणाला न विचारता सांगतो, "लोह कमी पडलं. चिलेटेड द्या."

आता तोच शब्द गोळ्यांच्या पट्ट्यांवर आलाय. फेरस बिसग्लायसिनेट, झिंक बिसग्लायसिनेट, मॅग्नेशियम ग्लायसिनेट. खाली बारीक अक्षरात 'अमिनो ॲसिड चिलेट'. मोबाइलवर रील पाहून लोक नाव लिहून आणतात. शिरपूरला शिकणारा पोरगा आईसाठी मागवतो, पुण्याहून आलेली सून सासूसाठी डबी आणते आणि सासू ती पिशवीत घालून माझ्याकडे येते, "पाय वं माय, हाई काय शे?" (बघ गं बाई, हे काय आहे?) तिला काउंटरवर दोन मिनिटांत सांगता येतं तेवढं सांगते. इथे जरा पाय पसरून लिहिते.

जमिनीचंच उदाहरण घेते, कारण इथल्या माणसाला ते लगेच कळतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह नसतं असं नाही. असतं, पण जमिनीचा सामू (पीएच) आठाच्या आसपास गेला की ते अडकून बसतं आणि मुळाला उचलता येत नाही. पोटातही जवळजवळ तेच. ज्वारी-बाजरीत, उडदात लोह आहे. कळण्याची भाकरी खाणाऱ्या बाईच्या ताटात लोह अगदीच नाही असं कोण म्हणेल? पण धान्या-डाळींतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, वरून जेवण झाल्या झाल्या कपभर चहा. चहातलं टॅनिन उरलंसुरलं बांधून टाकतं. म्हणून खतवाल्यांनी जे केलं तेच औषधवाल्यांनी केलं: धातू मोकळा सोडायचाच नाही, आधीच कशाला तरी बांधून पाठवायचा. खतात बहुतेक वेळा ईडीटीए नावाच्या रसायनाला बांधतात, गोळीत अमिनो आम्लाला. ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. लोहाच्या एका अणूला ग्लायसिनचे दोन रेणू दोन्हीकडून धरतात, म्हणून बिसग्लायसिनेट. असं बांधलेलं लोह फायटेटच्या हाती कमी लागतं. पोटाच्या अस्तराला मोकळं लोह कमी भिडतं, म्हणून मळमळ आणि बद्धकोष्ठही कमी.

ही काही कालची टूम नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अल्बियन कंपनीनं गेल्या शतकातच अमिनो आम्लाच्या चिलेटांवर काम सुरू केलं, तेही माणसांइतकंच जनावरांच्या खाद्यासाठी. २००३ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं फेरस ग्लायसिनेट तपासलं आणि अन्नात लोह मिसळायला चालेल असं सांगितलं. मात्र अट घातली: सगळीकडून मिळून पोटात जाणारं लोह वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ही मर्यादा रोजच्या खाण्याची आहे, ॲनिमियाच्या इलाजाचा डोस डॉक्टर त्याहून जास्त देतात. तरी मला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. समितीनं मोजायला सांगितलं ते लोह. ग्लायसिनेट आहे म्हणून सूट दिली नाही.

जिमवाल्या पोरांसाठी एक बाजूची गोष्ट. 'अमिनो ॲसिड' वाचून ही गोळी अंगावर मांस चढवेल असं समजू नका. ६० मिलिग्रॅम लोह बांधायला साधारण १६० मिलिग्रॅम ग्लायसिन लागतं. वाटीभर घट्ट वरणात याच्या कितीतरी पट प्रथिनं आहेत. इथे ग्लायसिनचं काम धातू वाहून नेण्याचं, बस.

आता सरकारी लाल गोळीबद्दल, कारण तिच्यावर फार अन्याय होतो. गरोदर बाईला आशाताई जी पट्टी फुकट देते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. शाळेतल्या मोठ्या पोरींना निळी, आठवड्यातून एकदा. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांना ॲनिमिया आहे असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं, त्यामुळे या गोळीचं महत्त्व सांगायला नको. पण पट्ट्या गोदडीखाली, पत्र्याच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे पडून असतात. कारण एकच ऐकू येतं: "नको वं माय, ती गोळी लिधी का जीव मळमळस."

हे नाटक नसतं. सरकारी गोळीतल्या फेरस सल्फेटनं खरंच मळमळतं. पण दर वेळी त्याला उतारा महागडी पट्टी हाच असतो असं मला वाटत नाही. मी आधी विचारते, कधी घेतेस? उत्तर बहुतेक ठरलेलं: सकाळी, रिकाम्या पोटी, चहाबरोबर. म्हणजे मळमळ पुरेपूर आणि फायदा अर्धामुर्धा. मग सांगते, रात्री जेवण झाल्यावर तासा-दीड तासानं घे, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, चहा तिच्या आसपासही नको. अगदीच सोसलं नाही तर जेवणाबरोबर घे, थोडं कमी लागेल पण पोटात राहील. कॅल्शियमची गोळी याच वेळी नको, दोघींमध्ये निदान दोन तास जाऊ देत. आणि शौचाला काळं झालं तर घाबरून गोळी बंद करू नकोस, लोहानं तसं होतंच. एवढ्यावर बऱ्याच जणींचं निभावतं.

ज्यांचं निभावत नाही त्यांच्यासाठी बिसग्लायसिनेट चांगली सोय आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करते. डेन्मार्कमध्ये गरोदर बायांवर झालेल्या एका चाचणीत, ॲनिमिया होऊ नये म्हणून दिलेलं बिसग्लायसिनेटमधलं २५ मिलिग्रॅम लोह सल्फेटमधल्या ५० मिलिग्रॅमच्या तोडीला उतरलं आणि पोटाच्या तक्रारी कमी आल्या. पण त्या बाया डेन्मार्कच्या होत्या आणि बहुतेक निरोगी. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी सात हिमोग्लोबिन घेऊन कापूस वेचणाऱ्या बाईला तोच हिशेब लावून निम्म्या लोहाची गोळी देणं मला पटत नाही. तिचा डोस डॉक्टरांनी ठरवावा. कदाचित तिला शिरेतूनच लोह लागेल.

जास्त गोळ्या घेतल्या की लवकर रक्त भरेल, हाही समज काढायला हवा. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या डोसातलं लोह कमी शोषलं जातं. म्हणून काही डॉक्टर आता दिवसाआड गोळी लिहितात. पेशंटला वाटतं डॉक्टर विसरले. विसरलेले नसतात.

आता पट्टी वाचायची कशी ते. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे.

मागे एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, मॅग्नेशियम ग्लायसिनेटची डबी घेऊन आला. डबी देखणी, चांदीच्या अक्षरात पुढे '२००० मि.ग्रॅ.' मी उलटी केली. मागे 'एका सर्व्हिंगमध्ये' आणि त्याखाली, सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या. पुढच्या ओळीत 'एलिमेंटल मॅग्नेशियम ४०० मि.ग्रॅ.', म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम. मी काउंटरवरच्या बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली. शुद्ध मॅग्नेशियम बिसग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम वजनाच्या जेमतेम १४ टक्के असतं, उरलेलं ग्लायसिन. दोन हजारांत फार तर २८० बसेल. चारशे कुठून आलं? याचा अर्थ बहुधा एकच: आत मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलंय. त्यात ६० टक्के मॅग्नेशियम असतं, त्यामुळे आकडा सहज फुगतो. ऑक्साइड विषारी नाही, स्वस्त आहे, पण आतड्यातून कमी शोषलं जातं आणि पोट सैल करतं. ज्या त्रासातून सुटण्यासाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं तोच त्रास डबीत बसलाय. मी विचारलं, "दादा, हे गणित कसं जमवलं?" तो म्हणाला, "मॅडम, लॅब रिपोर्ट मागवतो." आजवर आलेला नाही.

लोहाच्या पट्टीवर याच्या उलट घडतं. 'फेरस बिसग्लायसिनेट ६० मि.ग्रॅ.' एवढंच लिहिलं असेल तर तो आकडा पूर्ण संयुगाचा असू शकतो, आणि मग आत लोह जास्तीत जास्त १६ मिलिग्रॅम. '६० मि.ग्रॅ. लोहाइतकं फेरस बिसग्लायसिनेट' असं असेल तर खरंच ६०. दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्या, किमतीत थोडा फरक, लोहात जवळजवळ चौपट. पेशंट म्हणतो, "मागच्या महिन्यात हीच गोळी घेतली, हिमोग्लोबिन हललं नाही." कसं हलेल? तेव्हा पाहायचं ते 'एलिमेंटल' किंवा 'इक्विव्हॅलंट टू' या शब्दापुढचा आकडा. तो छापलेलाच नसेल तर ती पट्टी मी तरी सुचवत नाही.

अजून एक. चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत लिहिलेली डबी म्हणजे कायद्यानं ते खाद्यपूरक, औषध नव्हे. वाईटच असेल असं नाही. पण त्यावर आजार बरा करण्याचा दावा दिसला तर भुवई वर गेलीच पाहिजे. आमच्या जैन गिऱ्हाइकांना याच डब्यांवर हिरवा ठिपका सापडतो म्हणून त्या जास्त आवडतात, औषधाच्या कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचं असेल ही शंका त्यांना नेहमी असते. रास्त शंका आहे, विचारत जा.

मॅग्नेशियमचा खप मे महिन्यात चढतो. भुसावळ-जळगावकडचं ऊन पंचेचाळिशीला टेकतं, शेतातून आलेल्या माणसाच्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि कुणीतरी सांगितलेलं असतं, मॅग्नेशियम घे. घामानं पाणी आणि मीठ गेलेलं असतं, त्याला आधी ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी हवं. म्हाताऱ्या माणसांच्या पोटऱ्यांत रात्री येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसत नाही, असंच चाचण्यांतून आलंय. झोपेसाठी म्हणाल तर पुरावा तुटपुंजा आहे. कुणाला बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही, फक्त किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं नको. किडनी नीट चालत नसेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं, अशक्तपणा येतो, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके बिघडतात. ते ग्लायसिनेट होतं की ऑक्साइड, याला तिथे काही अर्थ उरत नाही.

झिंकचं वेड कोविडपासून बसलं. तेव्हा पन्नास मिलिग्रॅमच्या गोळ्या लोकांनी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या, आणि काहींनी अजून सोडलेल्या नाहीत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं पुरुषाला दिवसाला १७ आणि बाईला १३ मिलिग्रॅमच्या आसपास झिंक लागतं, तेही जेवणासकट. रोज चाळीसच्या वर महिनोन्‌महिने घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. तांबं कमी पडलं की पुन्हा ॲनिमिया होतो, हातापायांना मुंग्या येतात. माणूस मग ॲनिमियासाठी लोह सुरू करतो आणि झिंक चालूच ठेवतो! झिंक कामाचं कुठे आहे? लहान लेकराला जुलाब लागले की. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, ओआरएसच्या जोडीला. जुलाब थांबले की आया तिसऱ्या दिवशी बंद करतात. करू नका, चौदा दिवस पुरे करा. तिथे स्वस्तातली साधी गोळी पुरते, चिलेट शोधत बसायची गरज नाही.

सिकलसेलबद्दल लिहिल्याशिवाय खानदेशातल्या लोहाच्या गोळीवर लिहिणं पुरं होणार नाही. नंदुरबारपासून आमच्या सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत हा आजार घराघरात आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासणी वाढली, लोकांकडे कार्डं आली. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं. ज्याला वारंवार रक्त चढवलंय त्याच्या अंगात तर ते साठून यकृत-हृदय बिघडवू शकतं. अशा माणसाला 'रक्त वाढवणारी चांगली गोळी' म्हणून बिसग्लायसिनेट देणं, तेही जास्त शोषलं जातं म्हणून, उलटं पडू शकतं. थॅलेसेमियातही तोच धोका. लोह खरंच कमी आहे का हे फेरिटिनच्या तपासणीत दिसतं. ती करून या म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या मेडिकलला जातं, हेही खरं.

पुरुषांचं आणि पाळी थांबलेल्या बायांचं मला जास्त भ्या वाटतं. त्यांचं लोह कमी झालं तर बहुधा रक्त कुठेतरी झिरपतंय. मूळव्याध असेल, गुडघ्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामकांनी जठरात व्रण केला असेल, आतड्यात गाठ असेल. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पोटात अंकुशकृमी (हूकवर्म) असतील. गोळीनं हिमोग्लोबिनचा आकडा वर येतो आणि कारण तसंच आत राहतं.

दुसऱ्या औषधांशी पटत नाही ते वेगळंच. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम-मॅग्नेशियम यांत चार तास हवेत. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लोक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील तर धातू त्यांनाच बांधून निकामी करतो. चिलेट आहे म्हणून वेळ पाळायला नको, असं एका रीलमध्ये सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. पाळायला हवी. माझ्याकडून थायरॉइडची बाटली नेणारीच्या पाकिटावर मी 'पहाटे ही, रात्री ती' असं लिहून देते.

भाऊजींच्या दुकानाबद्दल एक इशारा. "तिथे अमिनोचं लिटरचं कॅन मिळतं, तुझ्याकडे साठ गोळ्यांना एवढे पैसे कशाला?" असं एका पाहुण्यानं मला गंभीरपणे विचारलंय. शेतीचं अमिनो द्रावण कातडी, पिसं, मासळीचा टाकाऊ भाग असल्या कशापासूनही बनवतात. त्यात शिसं-आर्सेनिक किती, हे माणसाच्या पोटाच्या हिशेबानं कुणी तपासलेलं नसतं. जनावरांच्या मिनरल मिक्श्चरचंही तेच. आणि उरलेलं द्रावण थम्सअपच्या बाटलीत भरून घरात ठेवायची जी आपली सवय आहे ना, ती तर आजच्या आज बंद करा.

लेकरांचं शेवटी लिहिते, पण घरात लहान मूल असेल तर आधी हेच वाचा. लोहाच्या गोळ्या लाल, गोड आवरणाच्या, अगदी चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या. वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, ६० मिलिग्रॅमला जीव धोक्यात येतो. दहा किलोच्या लेकराला ६०० मिलिग्रॅम म्हणजे आईच्या सरकारी पट्टीतल्या दहाच गोळ्या. आधी उलट्या, जुलाब, कधी त्यात रक्त. मग काही तास मूल शांत होतं, खेळायलाही लागतं, आणि घरचे म्हणतात, निघालं बाहेर. तिथेच फसगत होते, कारण त्यानंतर यकृत आणि रक्ताभिसरण ढासळू शकतं. म्हणून मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे डेफेरॉक्सामिन नावाचं उतारा-औषध देता येतं. रिकामी पट्टी सोबत घ्या आणि घरात उरलेल्या गोळ्या मोजून किती गेल्या असतील ते डॉक्टरांना सांगा. पट्टी ग्लायसिनेटची असली तरी तितक्याच घाईनं.